खालच्या थराचा हिशेब

भूमितीच्या पुस्तकात सूची, भूगोलाच्या पुस्तकात मनोरा, जुन्या स्वयंपाकघरात उतरंड, गोपाळकाल्याला थर आणि पोलिसांतल्या फिर्यादीत साखळी योजना. आकार एकच, पण मराठीने त्याला कामाप्रमाणे वेगवेगळी नावे दिली. 'पिरॅमिड' हा शब्द या मंडळींत उशिरा आला आणि आल्या आल्या सगळ्यांच्याच जागी बसू लागला. कोल्हापुरात आज वास्तुदोष घालवणारा तांब्याचा पिरॅमिड मिळतो, ध्यानाला बसायचा पिरॅमिड मिळतो, दसरा चौकात मानवी पिरॅमिड लागतो आणि पैसे दुप्पट करून देणारा पिरॅमिड दर दोन-चार वर्षांनी नव्या नावाने उभा राहतो आणि कोसळतो.

एवढ्या सगळ्या वापरांवरून नजर फिरवली की एक खोड दिसते. बोलणारा नेहमी टोकाविषयी बोलत असतो. टोकावर कोण आहे, तिथे कसे पोचायचे, तिथून काय दिसते. शब्दाचा अर्थ मात्र पायथ्याशी ठरतो. खालचा थर आधी लागला की वरच्यानंतर शोधला गेला, त्याला बाजूला होता येते का, आणि त्याची कुणी मोजदाद ठेवली का, यावर तो पिरॅमिड कौतुकाचा की फसवणुकीचा हे अवलंबून असते.

सुरुवात घरातूनच करू. उतरंड आता स्वयंपाकघरातून गेली आणि फक्त भाषणांत उरली. खाली सगळ्यात मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, असे करत वर एखादे गाडगे आणि त्यावर झाकण. खालच्यात धान्य, मधल्यांत डाळी-कडधान्ये, वरच्यात पुढल्या वर्षीचे बी किंवा बाईने नवऱ्याच्या नकळत साठवलेले चार पैसे. खालच्या मडक्यातले काही हवे असले तर वरची सगळी एकेक करून उतरवावी लागत. 'जातीची उतरंड' किंवा 'सत्तेची उतरंड' म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी खरी उतरंड उतरवली असेल, पण शब्द अचूक आहे. त्यात सगळ्यात खालच्याला हात लावणेच सगळ्यात अवघड असते, आणि घरातले सगळ्यात जास्त धान्य त्याच्यातच असते.

भूमितीही तेच सांगते. तळ आणि उंची सारखी असेल तर सूचीचे घनफळ चितीच्या एक तृतीयांश भरते, हे शाळेत पाठ केलेले असते. त्याच हिशेबाची पुढची पायरी सहसा शिकवत नाहीत. सूचीच्या उंचीचे पाच सारखे भाग केले तर सगळ्यात खालच्या एकाच भागात जवळजवळ निम्मा माल संपतो. वरच्या पाचव्या भागात शंभरातला एक हिस्सासुद्धा नसतो. गिझाचा खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. म्हणजे जमिनीपासून पहिल्या तीसेक मीटरांत त्यातला जवळपास अर्धा दगड आहे. आपण फोटो काढतो तो टोकाचा.

इजिप्तबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण 'पिरॅमिड' म्हटले की चाबूक आणि गुलाम हे चित्र मराठी वाचकाच्याही डोक्यात बसले आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने एक लाख माणसे आणि वीस वर्षे असा आकडा सांगितला आणि पुढे सिनेमाने त्याला साखळदंड जोडले. उत्खननाने ते चित्र बरेच बदलले. १९९० मध्ये गिझाजवळ एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे कामगारांची दफनभूमी सापडली. राजाच्या थडग्याच्या सावलीत पुरले जाणे हा गुलामाला मिळणारा मान नव्हे. मार्क लेनर आणि झाही हवास यांच्या उत्खननांत भट्ट्या, पावाचे साचे, खाल्लेल्या जनावरांची हाडे आणि कामगारांची वस्ती असे सगळे निघाले. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. आपल्या टोळीने तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले आणि गिझाला पोचवले, याची दिवसवार नोंद त्याने ठेवली. खुफूची म्हणून ओळखली जाणारी एक बोटभर उंचीची मूर्ती आहे. मेरेरची मूर्ती नाही, पण त्याचा हजेरीपट आहे.

दगडांवर टोळ्यांची नावेही रंगवलेली सापडतात. एका टोळीचे नाव 'खुफूचे मित्र', दुसरीचे 'मेनकाउरेचे मद्यपी'. कोल्हापूरच्या माणसाला हे वाचून परके वाटणार नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वीही मित्र मंडळे होती आणि ईर्ष्येने काम करत होती, एवढाच त्याचा अर्थ. ही माणसे आपखुशीने आली होती असे म्हणता येत नाही. राजसत्तेने बोलावले की जावे लागत असणार. पण त्यांना नावे होती, जेवण होते, थडगी होती. पुढे जे पिरॅमिड बघायचे आहेत त्यांतल्या काहींच्या खालच्या थराला एवढेही नाही.

आपल्याकडे शिल्पींनी खालच्या थराला वेगळीच वागणूक दिली. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर आहे. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळातले म्हणून ओळखले जाते, यादव राजा सिंघणाचा शिलालेखही तिथे आहे. या मंदिराच्या अधिष्ठानावर चारही बाजूंनी हत्तींची रांग आहे. सगळा डोलारा हत्तींनी पाठीवर पेलला आहे असे वाटावे अशी ती रचना. मंदिर स्थापत्यात या रांगेला गजथर म्हणतात. काही मंदिरांत त्यावर अश्वथर आणि नरथरही येतात. दहीहंडीचा 'थर' आणि देवळाचा 'थर' हा एकच शब्द आहे. खिद्रापुरात दुसरी गंमत पुढे आहे. गाभाऱ्याकडे जाण्याआधी ४८ खांबांचा स्वर्गमंडप लागतो, आणि त्याच्या छताला मधोमध मोठा गोल झरोका आहे. खालून मान वर केली की जिथे टोक असायला हवे तिथे आभाळ दिसते. तो मुद्दाम तसा ठेवला की काम अर्धवट राहिले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो मुद्दाम ठेवलेला वाटतो. एवढ्या काटेकोर कोरीव कामानंतर कुणी शेवटचे भोक बुजवायला विसरणार नाही. कोल्हापुरातल्या अंबाबाईच्या देवळाची गोष्ट याच्या उलट. खालचे जुने दगडी काम एका काळातले, वरची विटा-चुन्याची शिखरे पुष्कळ नंतरची. लांबून दिसते ते शिखर, आणि जुने आहे ते खाली.

देवळाकडून दसरा चौकात यायला पायी फार वेळ लागत नाही. गोपाळकाल्याच्या संध्याकाळी या चौकात 'युवाशक्ती' या संघटनेची मोठी दहीहंडी होते. शिरोळ, गडहिंग्लज भागातली पथके ट्रक भरून येतात, लाखांची बक्षिसे लागतात, क्रेनला हंडी टांगलेली असते. आधी सलामी, मग खरा प्रयत्न. टोकाच्या पोराला एक्का म्हणतात. टीव्हीचा कॅमेरा त्याच्यावर. पायातल्या गड्याकडे जरा नीट बघा. अनवाणी, एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवलेले, हनुवटी छातीला टेकलेली, पोट आवळलेले. मागे दोन-तीन फेऱ्यांचा घेर त्याला आत रेटत असतो. वर काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. खांद्यावरच्या टाचा हलल्या की तेवढेच कळते. वरच्याचा तोल गेला तर तो दुसऱ्याच्या अंगावर पडतो. खालच्याचा गुडघा सुटला तर सगळेच पडतात. म्हणून पथकात पायाला कोण उभे राहायचे याची निवड एक्क्यापेक्षा काळजीने होते, आणि कोल्हापूर-सांगलीकडे तालमीत अंग कमावलेली पोरे पुष्कळ असल्याने इकडच्या पथकांचा पाया भक्कम असतो.

या खेळाच्या उंचीवर आपल्याकडे कोर्टकचेऱ्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना वर चढवायचे नाही एवढे राहिले. २०२२ मध्ये राज्य सरकारने त्याला साहसी खेळाचा दर्जा दिला. त्याआधी २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला होता. सगळी चर्चा उंचीची. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतात असेच मनोरे रचायची जुनी परंपरा आहे, युनेस्कोने २०१० मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथल्या स्पर्धेतला एक नियम आपण उचलायला हवा. मनोरा पूर्ण लागला आणि उतरताना कोसळला तर त्याला कमी गुण. लावून सुखरूप उतरवला तरच पूर्ण गुण. आपल्याकडे हंडी फुटली की डीजेचा आवाज वाढतो, पाण्याचे फवारे येतात आणि थर कसे उतरले याकडे कुणाचे लक्ष नसते.

तरीही मानवी मनोऱ्याबद्दल एक गोष्ट निर्विवाद आहे. त्यात पाया आधी उभा राहतो. तो घट्ट झाल्याशिवाय दुसरा थर चढत नाही, आणि एक्का सगळ्यांच्या शेवटी जातो. साखळी योजनेत हाच क्रम उलटा असतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

अशा योजनेची बैठक कुठल्याही हॉलमध्ये सारखीच असते. सूट घातलेला पोरगा पांढऱ्या फळ्यावर वर एक गोळा काढतो, त्यात 'तुम्ही' असे लिहितो. खाली दोन रेघा, दोन गोळे: तुमचा मित्र, तुमची वहिनी. त्यांच्या खाली चार, मग आठ. डाऊनलाइन, अपलाइन, पेअर, डायमंड. फळ्याच्या तळाशी पोचेपर्यंत महिन्याचे उत्पन्न लाखात गेलेले असते. या चित्रात एकच खोट आहे, पण ती पुरेशी आहे. 'तुम्ही' वर नसता. तो गोळा ज्या मोठ्या चित्राच्या तळाशी आहे ते चित्र फळ्यावर मावत नाही आणि दाखवायचेही नसते.

हिशेब कोल्हापुरापुरता करून बघू. एकाने सहा जण आणायचे, त्या प्रत्येकाने सहा. सातव्या थरापर्यंत ३ लाख ३५ हजार माणसे लागतात. आठव्या थराला आणखी १६ लाख ७९ हजार हवीत. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती, म्हणजे शहर संपले. नवव्या थराला एक कोटीहून जास्त माणसे लागतात आणि अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. योजना कुठल्याही थराला बंद पडो, त्या क्षणी एकूण सभासदांपैकी सहातले पाच जण शेवटच्या थरात असतात आणि त्यांच्या खाली कुणीच नसते. चालकाची नियत चांगली असली तरी हे बदलत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट नेहमी 'साखळी' या नावाने येत नाही, म्हणून लोक फसतात. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कंपनीचे कडकनाथ कोंबडीचे प्रकरण गाजले; पिल्ले घ्या, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्ही चढ्या भावाने परत घेतो, असा करार होता. बाजारात त्या भावाला गिऱ्हाईक नव्हते. पैसा नव्या शेतकऱ्याने भरलेल्या रकमेतून येत होता. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याचे शेतकरी रिकाम्या शेडसमोर कर्जाचा हप्ता मोजत बसले. २०२२ मध्ये कोल्हापुरात ए. एस. ट्रेडर्सवर गुन्हा दाखल झाला. तिथे नाव शेअर बाजाराचे होते. काटेकोरपणे सांगायचे तर नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणे याला १९२० च्या बॉस्टनमधल्या चार्ल्स पाँझीचे नाव लागते, आणि सभासद आणण्यावर कमिशन देणे याला पिरॅमिड म्हणतात. प्रत्यक्षात आपल्याकडे दोन्हींचे मिश्रण असते: परतावाही आणि ओळखीचे आणल्यास वर कमिशनही. कायदे कमी नाहीत. १९७८ चा पैसाफिरती योजनांवर बंदीचा केंद्राचा कायदा, १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, २०२१ चे थेट विक्रीचे नियम, ज्यांत पिरॅमिड योजना चालवायला साफ मनाई आहे. पण तक्रार उशिरा होते. फिर्यादीला स्वतःच्या मेहुण्याचे, स्वतःच्या शाळेतल्या सहकाऱ्याचे नाव घ्यावे लागते, कारण त्यांना त्यानेच आणलेले असते किंवा त्यांनी त्याला. पैशाइतकीच ही लाज लोकांना गप्प ठेवते, आणि चालकांना ते पक्के माहीत असते.

साखळीतून निदान बाहेर पडता येते, पैसे सोडून दिले तर. बाहेर पडायची सोयच नसलेल्या मनोऱ्याचे वर्णन मराठीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले, ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात. हिंदू समाज हा मजल्यामजल्यांचा मनोरा आहे, एकेक जात हा एकेक मजला, आणि त्याला जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्यावरच माणसाने मरायचे. या पाक्षिकासाठी २,५०० रुपये दिले कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. दोन महिन्यांच्या आत, २१ आणि २२ मार्चला, आज हातकणंगले तालुक्यात असलेल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली, आंबेडकर अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः हजर होते.

या रूपकात बाबासाहेबांनी पिरॅमिड घेतला नाही, मनोरा घेतला, हे मला नेमके वाटते. पिरॅमिडचा उतार चढता येतो, निदान तसा भास होतो. मजल्यांच्या मनोऱ्यात प्रत्येक मजल्याला स्वतःचे छत आणि स्वतःची जमीन असते; खालच्याचे छत तीच वरच्याची जमीन. त्यामुळे अगदी शेवटचा सोडला तर प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतेच, आणि तेवढ्यावर तो वरच्यांचा जाच सोसतो. पुढे त्यांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले.

हे शाहू महाराजांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतो हे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. राज्याच्या मनोऱ्यात सगळ्यात वर असलेला माणूस धर्माच्या मनोऱ्यात त्याच्याच पगारी पुरोहिताच्या खाली होता. एकाच माणसाची दोन मनोऱ्यांत दोन जागा. पुढे त्यांनी जे केले ते जिना बांधण्याचे काम होते. १८९४ मध्ये ते कारभार हाती घेत होते तेव्हा दरबारातल्या ७१ वरच्या जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ ला, महाराज इंग्लंडमध्ये असताना, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम गॅझेटात निघाला. पण हुकमाने जागा राखता येते, भरायला शिकलेला माणूस लागतो. त्यासाठी वसतिगृहे. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कुणी आक्षेप घेतो की जातवार बोर्डिंगांनी जात पक्की केली. आक्षेप अगदी निराधार नाही; पण त्या काळात एका पंगतीला बसायलाच तयार नसलेल्या पोरांना शहरात आणायचे होते, आणि महाराजांनी आधी पोरे आणली. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसाच्या चहाच्या हॉटेलात जाऊन राजाने चहा प्यायचा, हे दुसरे टोक.

सहकाराची रचना कागदावर जातीच्या मनोऱ्याच्या नेमकी उलट आहे, कारण तिथे मालक तळाशी असतो. गावची सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्यावर राज्य बँक. दुधात गावची संस्था, जिल्ह्याचा संघ, राज्याचा महासंघ. 'गोकुळ' १९६३ पासून या नमुन्यावर उभे आहे. पहाटे किटली घेऊन रांगेत उभी राहणारी बाई या पिरॅमिडची मालकीण. पण संघाच्या निवडणुकीत तिला थेट मत नाही. तिची संस्था ठराव करते, एका माणसाचे नाव देते आणि तो ठरावधारक मतदान करतो. २०२१ च्या गाजलेल्या निवडणुकीत, जिच्यात अनेक वर्षांची सत्ता पालटली, मतदार साडेतीन हजारांच्या आसपास होते. दूध घालणारे लाखोंनी. साडेतीन हजार ही सहलीला नेता येईल एवढी संख्या आहे, आणि त्या सहलींच्या कथा जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. रचना चांगली आहे, दराच्या बाबतीत तिने उत्पादकाला खाजगी डेअरीपेक्षा बरे दिवस दाखवले, हे मान्य करूनही म्हणावे लागते की तळाचा माणूस इथे मालक आहे आणि मोजला जातो तो लिटरमध्ये.

बाकीचे पिरॅमिड भराभर आटपू, कारण त्यांत सांगण्यासारखे कमी आहे. तांब्याचा, स्फटिकाचा, प्लॅस्टिकचा वास्तू पिरॅमिड हा प्राचीन भारतीय ज्ञान म्हणून विकला जातो. त्याचा उगम शोधत गेलो तर विसाव्या शतकातल्या युरोपात पोचतो, जिथे कारेल द्रबाल नावाच्या चेक गृहस्थाने पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवलेले दाढीचे पाते धारदार राहते म्हणून १९५९ मध्ये पेटंट मिळवले. सत्तरच्या दशकात अमेरिकेत 'पिरॅमिड पॉवर'ची लाट आली, ती ओसरल्यावर माल इकडे आला. आपल्या देवळांच्या शिल्पशास्त्रात शिखरांचे शेकडो प्रकार आहेत, पण खिशात ठेवायचे शिखर त्यात नाही. आहाराचा पिरॅमिड अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९२ मध्ये काढला आणि २०११ मध्ये मोडीत काढून ताट आणले. जेवण ताटातच असते हे त्यांना उशिरा कळले. मॅस्लोच्या गरजांचा पिरॅमिड व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. मॅस्लोने १९४३ च्या लेखात तो काढलेला नाही, नंतरच्या सल्लागार मंडळींनी काढला. बातमीचा उलटा पिरॅमिड मात्र उपयोगी आहे: महत्त्वाचे आधी, तपशील नंतर, जागा कमी पडली की खालून कापायचे. कोल्हापूरच्या कुठल्याही दैनिकात गावाकडून आलेल्या बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद, ज्यांत सहसा सत्काराला हजर असलेल्यांची नावे असतात, याच नियमाने जातात.

राहिला लोकसंख्येचा मनोरा, आणि कोल्हापूरकराने सगळ्यात बारकाईने बघायला हवा तो हाच. मधे उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, तळाला ० ते ४ वयाची मुले आणि वर चढत ऐंशीच्या पुढचे. तळ रुंद असेल तर जन्म जास्त, अरुंद होत चालला तर कमी. पण दोन्ही बाजू साधारण सारख्या दिसायला हव्यात. निसर्गतः हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. शाहूंचा जिल्हा, बागायती, साखर कारखाने, गावोगावी दवाखाने, आणि मनोऱ्याच्या पायाची एक बाजू तुटलेली. गरिबी हे कारण इथे देता येत नव्हते. सोनोग्राफी मशीन परवडत होते, म्हणून हे घडत होते. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, पण बंद खोलीत डॉक्टर काय सांगतो हे सिद्ध कसे करणार? जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण सोनोग्राफी यंत्रांना जोडण्याचा प्रयोग झाला. यंत्रावर झालेल्या प्रत्येक तपासणीची नोंद त्यात साठते आणि डॉक्टरने भरलेल्या फॉर्मशी ती ताडून पाहता येते. देशमुख स्वतः कथाकार, पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या विषयावर त्यांनी कथाही लिहिल्या. २०११ ला जिल्ह्याचा आकडा ८६३ झाला. त्याच दशकात राज्याचा ९१३ वरून ८९४ वर घसरला होता. सुधारणा खरी आहे, पण ८६३ ही अभिमानाची संख्या नाही. श्रेय एकट्या उपकरणाचे असेही नाही. धाडी, खटले, शाळा-कॉलेजांतल्या मोहिमा, सगळे एकाच वेळी चालू होते. आज त्या तळाच्या पट्टीतली पोरे लग्नाच्या वयाला येत आहेत आणि गावोगावी मुलगी मिळत नाही म्हणून वय वाढलेल्या मुलांचे आईबाप एजंटांना पैसे देऊन फसत आहेत. ही फसवणूकही खालच्या थरातल्या त्या रिकाम्या जागेतूनच उगवली आहे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे आणि तीत १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींची नोंद व्हायची आहे. म्हणजे वयाचा मनोरा आणि जातीचा मनोरा एकाच वेळी मोजला जाईल. प्रगणक दाराशी आला की 'नंतर या' म्हणू नका, आणि घरातली माणसे सांगताना मुली, सुना, म्हाताऱ्या आणि मागच्या खोलीत राहणारा गडी यांना वगळू नका.